न दिलेली रिंग

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. यांना नाही, माझ्या सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढे हात जोडते तेव्हासुद्धा दुसरंच काहीतरी बोलते — पोरीला चांगले मार्क पडू देत, यांची शुगर आटोक्यात राहू दे — आणि हे तेवढं मधून वगळते. जसं काही देवाला दिसलंच नाही.

तुला सांगते. तू कोण ते मला माहीत नाही, बहुतेक म्हणूनच सांगता येतंय. मला माणसांपुढे बोलता येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली, धाकटी भावंडं सांभाळायला घरी राहिले. वाचायची सवय मात्र गेली नाही. वाण्याच्या पुडीचा कागदसुद्धा मी वाचून मगच टाकते. आणि लिहिताना समोर कुणी तोंडाकडे बघत नसतं, ते बरं वाटतं.

कुठून सुरू करू? वादळापासून करते. लखनौला त्याला आंधी म्हणतात. आम्ही साताऱ्याकडचे, माण तालुक्यातले. वारा आमच्याकडेही सुटतो, धूळ उडते. पण इथली आंधी निराळी. मे महिन्यात दिवसभर लू, म्हणजे तापलेला वारा, वाहते, अंग भाजून निघतं, आणि संध्याकाळी एकाएकी आभाळ पिवळं होतं. पक्षी गप्प होतात. मग पिवळ्याचं तपकिरी होतं आणि पातेल्यावर झाकण टाकावं तसा अंधार पडतो. पत्रे उडतात, झाडं मोडतात, रस्त्यावरचे मोठमोठे फलक सुटून येतात. लाइट जाते ती कधी येईल याचा नेम नसतो. इतकी वर्षं झाली इथे, पण आभाळ पिवळं झालं की आजही मी घाबरते. सुरुवातीला ती भीती आंधीची असायची. आता कशाची असते, तेच सांगायला बसले आहे.

हे फौजेतून निवृत्त झाले आणि इथल्या एका संशोधन संस्थेत गेटवर सिक्युरिटीत लागले. इंदिरा नगरमध्ये तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. त्याच संस्थेत वैद्य साहेब शास्त्रज्ञ. त्यांच्या बाई मोठ्या मनाच्या. साहेबाची बायको, गेटवरच्या माणसाची बायको, असं त्यांनी कधी केलं नाही. मराठी दिसली की घरी बोलावायच्या. एका संक्रांतीला हळदीकुंकवाला मलाही बोलावलं. मी गेले आणि दाराजवळच्या कोपऱ्यात बसले. सगळ्या बोलत होत्या, हसत होत्या. मी वाण हातात धरून उठायची वेळ कधी होते ते बघत होते.

तेवढ्यात एक बाई येऊन माझ्या शेजारी धपकन बसली. म्हणाली, "तू माणची ना? मघाशी 'न्हाई' म्हणालीस, तिथंच वळखलं. मी जतची. आपल्याकडं पाण्याचा दुष्काळ, आन् तुझ्याकडं बोलण्याचा बी दिसतोय."

ती शोभा. मला हसू आलं. त्या दिवशी मी तिच्याशी जेवढं बोलले तेवढं लखनौला आल्यापासून कुणाशी बोलले नव्हते.

शोभाचे मालक, शिंदे भाऊजी, हवाई दलात. ते सरोजिनी नगरला राहायचे, विमानतळाच्या बाजूला. क्वार्टर मिळालं नव्हतं म्हणून गल्लीच्या टोकाला बैठं घर घेतलेलं. पुढे छोटं अंगण, अंगणाला विटांची उंच भिंत. घराचा एक ताप होता — आत फोनची रेंज नीट यायची नाही. रिंग वाजायची, पण बोलणं तुटायचं, मेसेज तर आत पोचायचेच नाहीत. फोन आला की शोभा "थांब थांब, ठेवू नगंस" म्हणत अंगणात पळायची आणि भिंतीला पाठ लावून बोलायची. भिंतीपाशी आवाज स्वच्छ येतो म्हणायची. तिच्याशी फोनवर बोलताना मला पलीकडच्या गल्लीतल्या भाजीवाल्याची हाक ऐकू यायची.

मग आमच्याकडेही मोठे फोन आले. वैद्य बाईंनी मराठी बायकांचा ग्रुप केला. माझ्या पूजानं, माझ्या मुलीनं, मला मेसेज लिहायला शिकवलं. एकेक अक्षर हुडकून लिहायचे मी. बाकीच्यांच्या गप्पा होऊन जायच्या तरी माझा एक शब्द पुरा व्हायचा नाही. शोभा ग्रुपवर लिहायची, "थांबा गं बायांनो, मंगल टाइप करतीय, पुढच्या संक्रांतीपर्यंत येईल."

एका आंधीत मोठा गोंधळ झाला. सगळ्या सगळ्यांना फोन करत बसल्या, कुणाचाच लागेना, आणि लाइट नसल्यानं फोनही बंद पडले. तेव्हा वैद्य बाईंनी साखळी ठरवली. आंधी आली की बाईंनी रजनीला विचारायचं. रजनी म्हणजे निशातगंजची, तिचे मालक बँकेत. रजनीनं मला. मी शोभाला. आणि जिनं विचारलं तिनं ग्रुपवर टाकायचं — अमकी ठीक आहे. एकदा तसं आलं की तिला दुसरं कुणी फोन करायचा नाही, बॅटरी वाचवायची. शोभा शेवटची. तिची सगळी जबाबदारी माझी.

आता रेंजसाठी तिला अंगणात यायला लागायचं, आणि आंधीत बाहेर येणं चांगलं नाही. म्हणून आम्ही दोघींनी आपापसात एक ठरवलं. मी नुसती रिंग द्यायची. तिनं ती आतूनच कट करायची. कट केली की समजायचं ठीक आहे. बोलायचं नाही, बाहेर यायचं नाही. पैसाही लागत नाही. शोभानंच ही युक्ती काढली, मग सगळ्याच तसं करू लागल्या. आणि वर म्हणाली होती, "तुझी रिंग आली न्हाई तर मात्र मीच भायेर येऊन लावीन. मग तुझ्याशी भांडीन."

हे नीट लक्षात ठेव. मी विसरले नव्हते, एवढंच तुला सांगायचं आहे. नंतर मी स्वतःला पुष्कळ वेळा सांगून पाहिलं की मी विसरले होते.

त्या दिवशी दुपारी आमचं बोलणं झालं होतं. तिचा मुलगा सुट्टीला आजीकडे जतला गेलेला. भाऊजींची रात्रीची ड्यूटी. "आज घर रिकामं म्हणून सगळ्या चादरी धुऊन काढल्या," म्हणाली. "आज पलंगावर आडवी झोपणार, राणीवानी."

संध्याकाळी आभाळ पिवळं झालं.

हे गेटवर होते. घरात मी आणि पूजा. दोन खोल्यांच्या मध्ये एक बोळासारखी जागा आहे, तिथे खिडकी नाही. आम्ही गादी ओढून तिथे बसलो. बाहेर काहीतरी सारखं आपटत होतं, कुणाच्या तरी गच्चीवरची रिकामी टाकी असावी. खिडकीची काच थरथरत होती, आणि तिसरा मजला — मला खरंच वाटत होतं की मजला हलतोय. पूजा माझ्या मांडीत तोंड घालून बसली होती. मी तिला धीर द्यायचा की तिनं मला?

रजनीची रिंग आली. मी कट केली. ग्रुपवर आलं, "मंगल ठीक." आता माझी पाळी.

मी फोन हातात घेतला. शोभाचं नाव काढलं. आणि तेवढ्यात वीज पडली.

कुठे लांब नाही. समोरच्या गल्लीच्या तोंडाशी खांब आहे, तिथे. उजेड आणि आवाज एकदमच. बोळात खिडकी नाही म्हटलं ना, तरी भिंती पांढऱ्या झालेल्या मी पाहिल्या. पूजा किंचाळली. मी फोन गादीच्या टोकाला फेकला.

आमच्या खाली घरमालकीण राहतात, त्यांना चाची म्हणतो. त्यांनी मला मागेच सांगितलं होतं, "बिजली कड़के तो मोबाइल को हाथ मत लगाना बहू, बिजली मोबाइल पे आती है." त्यांच्या माहेरच्या गावात एक माणूस असाच गेला म्हणे, शेतात, फोन कानाला लावलेला. हे खरं की खोटं मला तेव्हा माहीत नव्हतं. पण मी फोन घेतला आणि वीज आली — माझ्या मनानं तेवढंच धरलं. वाटलं, मीच बोलावली.

तर मी रिंग दिली नाही. भीतीनं दिली नाही. एवढंच असतं तर तुला हे सांगायला मला इतकी वर्षं लागली असती का?

ग्रुपवर मेसेज येऊ लागले. गादीच्या टोकाला फोन उजळत होता आणि विझत होता. वैद्य बाईंचा आवाज आला, त्या बोलून पाठवायच्या, आणि पूजानं तो लावला. "मंगल, शोभाचं काय? अगं, आज एकटी आहे ती." थोड्या वेळानं परत, "मंगल?" नुसतं माझं नाव. शाळेत बाईंनी उभं करावं तसं.

मी फोन ओढून घेतला. आणि लिहिलं — "शोभाला रिंग दिली. कट केली. ठीक आहे."

एकेक अक्षर हुडकून लिहिलं. मला किती वेळ लागतो ते सांगितलं ना तुला? इतक्या सावकाश कुणी खोटं बोललं नसेल. 'शो' झालं, 'भा' झालं. प्रत्येक अक्षरापाशी थांबता आलं असतं. त्याहून कमी वेळात रिंग देऊन झाली असती.

मग विजेची भीती कुठे गेली होती? फोन हातात धरायची भीती वाटत होती, तर एवढा मोठा मेसेज कुठल्या हातानं लिहिला? मी हे स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. रिंग दिली की ती कट होईपर्यंत वाट बघावी लागते, फोन हातात धरून. मेसेज टाकला की फोन फेकता येतो. आणि तिनं कट केली नसती तर? मग पुन्हा लावा, पुन्हा लावा, बाईंना कळवा, त्यांनी विचारलेलं सांगा. मला ते सगळं नको होतं. मला बोळात डोळे मिटून बसायचं होतं. आणि मनात हेही होतं — शोभाला काय होणार आहे? ती कशाला भिणारी नाही. भित्री मी आहे.

बाईंनी लगेच लिहिलं, "छान. सगळ्या सुखरूप. आता फोन ठेवा, बॅटरी वाचवा."

मग फोन वाजला.

हे मी आजपर्यंत स्वतःशीसुद्धा पुरतं बोलले नव्हते. फोन वाजला, आणि उजेडात शोभाचा फोटो दिसला — लाल साडीतला, वैद्य बाईंच्या घरी काढलेला. पूजा म्हणाली, "मम्मी, शोभा मौसी का फ़ोन है! उठाओ ना!"

मी म्हटलं, "राहू दे. वीज आहे."

तो पूर्ण वाजला. वाजून थांबला. पूजा माझ्याकडे बघत होती. मला विजेची भीती होतीच, पण आता दुसरीही होती. फोन उचलला तर शोभा विचारणार, रिंग का दिली नाहीस? आणि मी तर ग्रुपवर टाकून बसले होते. ती ग्रुपवर सगळ्यांना सांगणार, मग भांडणार, हसणार. उद्या मी काहीतरी सांगेन, असं मनात जुळवत होते.

फोन परत वाजला. या खेपेला पूर्ण वाजला नाही. अर्धाच वाजून थांबला.

मला बरं वाटलं. हे तुला सांगायलाच हवं. फोन अर्ध्यात थांबला तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. वाटलं, तिनं ठेवला.

सकाळी वैद्य बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. अंगणाची भिंत पडली होती. शोभा भिंतीखाली. भाऊजी पहाटे ड्यूटीवरून आले तेव्हा त्यांना दिसली, पावसात भिजलेली. श्वास होता. डोक्याला मार, उजव्या बाजूला मार.

मग बाईंनी पुढचं सांगितलं. भाऊजींनी संध्याकाळी ड्यूटीवरून शोभाला फोन लावला होता. लागला नाही. त्यांना काळजी वाटली, ड्यूटीवरच्या साहेबांना विचारून घरी जाऊन यावं असं वाटलं, पण त्यांनी आधी बाईंना फोन केला. बाईंनी सांगितलं, "अहो, काळजी करू नका, मंगलचं आणि तिचं झालंय. ठीक आहे ती."

म्हणून ते गेले नाहीत.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, रात्रीच आणलं असतं तर गोष्ट वेगळी होती. सगळ्यांसमोर म्हणाले. मी मागे उभी होते. वैद्य बाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "तू तरी रिंग दिलीस गं. तुझ्या मनाला तेवढं समाधान."

तेव्हा सांगायचं होतं. तिथे, त्या कॉरिडॉरमध्ये. तोंड उघडलं होतं मी. पण त्याच वेळी भाऊजी आले. डोळे लाल, शर्टाला चिखल तसाच. मला म्हणाले, "वहिनी, एक सांगा. रिंग कट केली म्हणजे ती आत होती. मग बाहेर कशाला गेली ही?"

आणि मी म्हटलं, "दुपारी म्हणत होती, चादरी धुतल्यात. काढायला गेली असेल."

कुठून सुचलं? मला चारचौघांत साधं नाव सांगताना अडखळायला होतं. आणि हे असं सरळ, न अडखळता बाहेर आलं. भाऊजींनी कपाळाला हात लावला. म्हणाले, "चादरी!" एवढंच म्हणाले.

दुपारी शोभाचे कपडे आणायला मला आणि रजनीला तिच्या घरी पाठवलं. अंगणात विटांचा ढीग. दोरी तुटून चिखलात पडलेली, दोरीवर काही नाही. वाटलं, वाऱ्यानं उडून गेल्या असतील. रजनी अंगणातच थांबली, तिला बघवेना. मी आत गेले.

पलंगावर चादरी होत्या. घडी करून ठेवलेल्या, एकावर एक, कोरड्या. आंधी यायच्या आधीच तिनं आत आणल्या होत्या.

मी तिथे उभी राहिले. मग ती बाहेर कशाला गेली, हे या जगात तेव्हा एका माणसाला कळलं. माझी रिंग आली नाही म्हणून गेली. मी ठीक नाही असं तिला वाटलं. तिसरा मजला, पोरीबरोबर एकटी, भित्री — तिला माझी काळजी वाटली. ती आंधीत अंगणात आली, भिंतीला पाठ लावली आणि मला फोन लावला. मी उचलला नाही. म्हणून तिथेच उभी राहून परत लावला. उचलला असता तर एका शब्दात ती आत गेली असती.

रजनीनं बाहेरून हाक मारली, "सापडले का गं कपडे?"

मी चादरी उचलल्या आणि पलंगाखालच्या ट्रंकेत, अगदी तळाला, घातल्या. वर स्वेटर ठेवले. मग शोभाचे दोन गाऊन घेतले आणि बाहेर आले. "हो, सापडले," म्हटलं.

भाऊजींनी तिचा फोन तांदळाच्या डब्यात घालून ठेवला होता, सुकायला. सुकला की चालू होतो म्हणे. शोभा दवाखान्यात बेशुद्ध होती आणि मी त्या डब्याचा विचार करायचे. तो चालू झाला तर त्यात दिसेल — कुणाला लावला, किती वेळा. मी देवापुढे बसून तो फोन चालू होऊ नये म्हणून मागायचे. शोभासाठीही मागायचे. पण आधी फोनचं मागायचे. तो चालू झाला नाही. माझ्या फोनमधलं मी स्वतः पुसलं. मला तोवर साधा फोटो पाठवता येत नव्हता. पुसायला मी एका दुपारी शिकले, पूजाला न विचारता.

शोभा वाचली. उजवा हात मात्र गेला — आहे, पण हलत नाही. बोलणं हळूहळू परत आलं, थोडं जड. त्या संध्याकाळचं तिला काही आठवत नाही. चादरी धुतलेल्या आठवतात, त्यापुढे एकदम दवाखाना. डॉक्टर म्हणाले, कदाचित येईल आठवण, कदाचित नाही.

ती शुद्धीवर आल्यावर तिची सासू आली होती जतहून. तिनं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, "दोन चादरींपायी हात घालवला बघा हिनं. फोनवर बरी हाय म्हणून कळवलं, आन् गेली तरातरा भायेर." भाऊजी तसं बोलायचे नाहीत, पण चिडले की त्यांच्याही तोंडून निघायचं. शोभा खाली मान घालायची. शोभा — जिनं कधी कुणापुढे मान घातली नव्हती.

एकदा खोलीत आम्ही दोघीच होतो. मी तिची वेणी घालत होते, ती तिला एका हातानं जमत नव्हती. म्हणाली, "मंगे, तुझी रिंग आली तवा कट केली ना मी?"

मी तिच्या मागे होते. तिला माझं तोंड दिसत नव्हतं.

"केलीस," म्हटलं.

"मग कशाला गेले असंन गं मी? एवढी कशी मी येडी?"

मी वेणीला रबर लावलं.

बघ, संध्याकाळी जे झालं ते भीतीनं झालं असं मी म्हणू शकते. कुणी म्हणेल, घाबरली होती बाई. पण वेणी घालताना कुठली वीज कडाडत होती? ऊन होतं, गल्लीत पोरं खेळत होती. तिनं सरळ विचारलं होतं. तिला फक्त एवढं ऐकायचं होतं की ती वेडी नाही. ते मी एकटी सांगू शकत होते. आणि मी नाही सांगितलं.

पुढे त्यांची बदली झाली, पुण्याकडे गेले. जाताना तिनं ट्रंक उपसली असेल. तळाच्या चादरी तिला सापडल्या असतील. तिला काय वाटलं असेल? मला कधी काही म्हणाली नाही. कदाचित वाटलं असेल, कुणीतरी चिखलातून काढून धुऊन ठेवल्या. मी असल्याच गोष्टींचा विचार करत असते. तिचा फोन आला की उचलण्याआधी मनात येतं — आज आठवलं असेल का? आता तिचा फोन मी पहिल्या रिंगला उचलते. ती म्हणते, "काय गं, फोन हातातच घिऊन बसतीस का?"

आणि पूजा. तिला आठवतं का? मी विचारलं नाही, तिनं काढलं नाही. आता ती दहावीला आहे. कधीकधी शोभाचा फोन वाजतो तेव्हा ती पुस्तकातून मान वर करते, मी उचलेपर्यंत बघते, आणि पुन्हा वाचायला लागते.

सांगून टाकलं तर काय होईल? भाऊजींना कळेल की माझ्या खोट्या मेसेजमुळे ते घरी यायचे थांबले. वैद्य बाईंना कळेल की त्यांनी कुणाच्या शब्दावर भाऊजींना थांबवलं. यांना कळेल. आणि शोभाला कळेल की ती वेडी नव्हती. मी हे सगळं एका तागडीत घालून बघते, आणि शोभाचं एकटीचं जड होतं. तरी गप्प राहते. याला कारण नाही. कारण असतं तर तुला सांगितलं असतं.

गेल्या आठवड्यात परत आंधी आली. फार मोठी नाही, आभाळ नुसतं पिवळं झालं आणि कडुनिंबाच्या दोन फांद्या मोडल्या. शोभा टीव्हीवर बातम्या बघत असते. तिकडून तिचा आवाज आला. आता डाव्या हातानं फोन धरते ती, टाइप करायला जमत नाही, म्हणून बोलून पाठवते. "मंगे, लखनौला आंधी आली म्हणत्यात. ठीक हाईस ना? पोरगी घरी हाय ना? वीज असली तर उत्तर देऊ नगंस, नंतर दे. मी हाय हितंच."

मी लिहिलं, "ठीक आहे."

भिंत पडली त्या संध्याकाळीही मी ठीकच होते. तिला तेवढंच विचारायचं होतं.